इंग्रजी 'ऑर' आणि मराठीतील विकल्प : अर्थ, उपयोग आणि अनुवाद

सारांश

इंग्रजीतील 'ऑर' हे उभयान्वयी अव्यय शालेय पातळीवर 'किंवा' या एकाच प्रतिशब्दाने शिकवले जाते. प्रत्यक्षात हा एक शब्द अनेक कामे करतो आणि ती कामे मराठीत 'की', 'किंवा', 'अथवा', 'वा', 'नाहीतर', 'म्हणजेच' या शब्दांत, तसेच समासात विभागली गेली आहेत. प्रस्तुत लेखात भाषाशास्त्र, तर्कशास्त्र, संस्कृत शास्त्रपरंपरा आणि कायदा या चार क्षेत्रांतील उदाहरणांच्या आधारे 'ऑर'चे अर्थ स्पष्ट केले आहेत. 'ऑर'चा अनुवाद करण्यापूर्वी पर्याय किती घ्यायचे, निवड कोणी करायची आणि अग्रक्रम कोणाला, या तीन प्रश्नांची उत्तरे शोधावी लागतात, असे येथे प्रतिपादन केले आहे.

महत्त्वाचे शब्द : उभयान्वयी अव्यय, विकल्प, 'की' आणि 'किंवा', अनुवाद, कायद्याची भाषा

१. प्रस्तावना

भाषेतील नामे आणि क्रियापदे अभ्यासकांचे लक्ष सहज वेधून घेतात. अव्ययांच्या वाट्याला तेवढे लक्ष येत नाही. विद्यार्थी त्यांची यादी पाठ करतो, परीक्षेत प्रकार ओळखतो आणि विषय तेथेच संपतो. परंतु वाक्याचा अर्थ कोणत्या बाजूला झुकणार हे पुष्कळदा या लहान शब्दांवरच ठरते. एखाद्या नियमातील एका 'किंवा'मुळे उमेदवार पात्र ठरतो किंवा अपात्र, एखाद्या कलमातील एका 'ऑर'मुळे कर द्यावा लागतो किंवा लागत नाही, आणि खुनाच्या गुन्ह्यात तर देहान्त शिक्षा आणि जन्मठेप यांच्यामध्ये हाच शब्द उभा असतो.

आज महाविद्यालयातील बराचसा व्यवहार द्विभाषिक आहे. विद्यापीठांची परिपत्रके, प्रश्नपत्रिका, प्रवेशाचे नियम आणि सर्वेक्षणाच्या प्रश्नावल्या अनेकदा इंग्रजीत तयार होतात व नंतर मराठीत आणल्या जातात. या वाटचालीत 'ऑर'चे यांत्रिकपणे 'किंवा' होते. त्यामुळे काय निसटते आणि ते कसे टाळता येईल, हे पाहणे आवश्यक आहे.

२. शब्दांची कुळे

आधुनिक इंग्रजीतील 'ऑर' हे मध्ययुगीन इंग्रजीतील 'अदर' या दोन अवयवांच्या शब्दाचे आखडलेले रूप आहे. त्याच्या मागे जुन्या इंग्रजीतील त्याच अर्थाचे अव्यय आहे. लॅटिनमध्ये मात्र विकल्पासाठी एकच शब्द नव्हता. 'आउत' हा शब्द सामान्यतः परस्परांना वगळणाऱ्या पर्यायांसाठी येई. 'वेल' हा इच्छा दर्शवणाऱ्या क्रियापदापासून आलेला शब्द, 'वाटल्यास हे, वाटल्यास ते' अशा मोकळ्या विकल्पासाठी येई. याशिवाय शब्दाच्या शेवटी चिकटणारे 'वे' हे रूप होते. लॅटिन 'वे' आणि संस्कृत 'वा' ही एकाच मूळ कुळातील भावंडे मानली जातात, आणि दोन्ही शब्द ज्याचा विकल्प सांगायचा त्याच्या नंतर येतात.

मराठीतील 'अथवा' हा 'अथ' आणि 'वा' यांचा, तर 'किंवा' हा 'किम्' आणि 'वा' यांचा संयोग आहे. 'किम्' हा प्रश्नवाचक शब्द पोटात असूनही मराठीतील 'किंवा'ने प्रश्नाचे काम जवळजवळ सोडून दिले आणि ते 'की'कडे गेले. ही वाटणी मराठीच्या विकल्पव्यवस्थेचा कणा आहे.

मराठीच्या शालेय व्याकरणांत 'अथवा, वा, की, किंवा' ही चार अव्यये विकल्पबोधक म्हणून एका ओळीत दिली जातात. वर्गीकरण म्हणून ते बरोबर आहे. परंतु एका ओळीत आल्यामुळे ही अव्यये एकमेकांच्या जागी चालतात असा विद्यार्थ्यांचा समज होतो. 'अथवा' आणि 'वा' हे 'किंवा'च्या जागी बहुधा चालतात आणि फरक मुख्यतः शैलीचा राहतो. 'की'ची गोष्ट मात्र वेगळी आहे.

३. 'की' आणि 'किंवा'

पुढील दोन प्रश्न पाहावेत.

(अ) तुम्ही चहा घेणार की कॉफी?
(आ) तुम्ही चहा किंवा कॉफी घेणार का?

पहिल्या प्रश्नात पाहुणा काहीतरी घेणार हे गृहीत आहे. काय घेणार, एवढेच विचारले आहे. 'हो' हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. दुसऱ्या प्रश्नात पाहुणा काही घेणार की नाही हेच विचारले आहे, आणि 'हो' किंवा 'नको' हे त्याचे सरळ उत्तर आहे. इंग्रजीत दोन्ही प्रश्नांसाठी शब्द तेच राहतात. फरक होतो तो स्वराच्या चढउताराने. प्रश्न कागदावर उतरला की स्वर नाहीसा होतो आणि दोन प्रश्नांचा एकच प्रश्न होतो.

मराठीची ही व्यवस्था जगात एकाकी नाही. फिनिश भाषेत विधानातील विकल्पासाठी 'ताइ' आणि निवड विचारणाऱ्या प्रश्नासाठी 'वाइ' असे दोन शब्द आहेत. बास्क भाषेत 'एदो' आणि 'आला' अशी जोडी आहे. अरबीत 'औ' आणि 'अम' यांच्यात असाच भेद केला जातो. चिनी भाषेतही विधानासाठी एक आणि प्रश्नासाठी दुसरा असे दोन वेगळे शब्द वापरले जातात. जर्मन भाषाशास्त्रज्ञ मार्टिन हास्पेलमाट यांनी संयोजनाच्या तौलनिक अभ्यासात सामान्य विकल्प आणि प्रश्नार्थी विकल्प असा भेद मांडला आहे. या भेदाच्या दृष्टीने मराठी ही इंग्रजीपेक्षा फिनिश आणि चिनी या भाषांच्या जवळ बसते. कुळ एक असूनही इंग्रजी आणि मराठी येथे वेगळ्या वाटेने गेल्या आहेत.

'की'चे क्षेत्र केवळ प्रश्नचिन्हाने ठरत नाही. 'तो आला की नाही, हे ठाऊक नाही' या वाक्यात प्रश्नचिन्ह नाही, तरीही 'की' आहे. जेथे दोहोंपैकी एक खरे आहे हे मान्य असते, पण कोणते ते अनिर्णित असते, तेथे 'की' येतो. म्हणूनच शेक्सपिअरच्या हॅम्लेटच्या प्रसिद्ध स्वगतातील 'ऑर' मराठीत 'की'नेच यावा लागतो. तेथे 'किंवा' घातल्यास पेच जातो आणि केवळ दोन पर्यायांची नोंद उरते.

प्रश्नावली तयार करणाऱ्या संशोधकांनी हा भेद विशेष लक्षात घ्यावा. 'आपण शहरी किंवा ग्रामीण भागात राहता?' हे वाक्य इंग्रजीची छाया घेऊन आलेले आहे. 'आपण शहरी भागात राहता की ग्रामीण?' असे विचारल्यास उत्तर देणारा गोंधळत नाही.

४. विकल्प नसलेला 'ऑर'

'ऑर'ची काही कामे वरवर विकल्पाची दिसतात, पण तेथे निवडीला वाव नसतो.

पहिले काम परिणामाचे. 'लवकर निघा, नाहीतर गाडी चुकेल' या आशयाचे वाक्य इंग्रजीत 'ऑर'ने जोडता येते. मराठीत येथे 'किंवा' चालत नाही. गाडी चुकणे हा पर्याय नसून न निघण्याचा परिणाम आहे. मराठी 'नाहीतर' या शब्दात 'नाही' आणि 'तर' असे दोन्ही भाग उघड आहेत. 'तसे न केल्यास' हा दडलेला संकेतार्थ त्यातून स्पष्ट होतो.

दुसरे काम नामांतराचे. एकाच वस्तूची दोन नावे सांगताना इंग्रजीत 'ऑर' येतो. शेक्सपिअरच्या 'ट्वेल्फ्थ नाइट' या नाटकाचे दुसरे नाव 'ऑर'नेच जोडलेले आहे. जुन्या मराठी पुस्तकांच्या नावांत हेच काम 'अथवा' करीत असे. आजच्या गद्यात 'म्हणजेच', 'अर्थात', व्यक्तीच्या बाबतीत 'ऊर्फ' हे शब्द अधिक नेमके ठरतात. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात 'सोडियम क्लोराइड किंवा मीठ' असे लिहिल्यास नवशिक्या विद्यार्थ्याला दोन पदार्थ वाटण्याचा धोका असतो. 'सोडियम क्लोराइड म्हणजेच मीठ' असे लिहिल्यास तो राहत नाही.

तिसरे काम अंदाजाचे. इंग्रजीतील 'टू ऑर थ्री डेज' मराठीत 'दोन-तीन दिवस' होते. तेथे अव्ययाची गरजच पडत नाही. मराठी व्याकरणात वैकल्पिक द्वंद्व हा समासाचा स्वतंत्र प्रकार मानला आहे. 'खरेखोटे', 'बरेवाईट', 'पापपुण्य', 'तीनचार' यांचा विग्रह करताना 'किंवा' बाहेर काढावा लागतो. विकल्प सांगण्याचे हे साधन इंग्रजीत फारच मर्यादित आहे. म्हणून 'दोन किंवा तीन दिवस' असे लिहिले की मराठी वाचकाला तो अंदाज न वाटता हिशेब वाटतो.

चौथे काम उदासीनतेचे. 'पाऊस येवो वा न येवो, सामना होईल' या वाक्यात मराठी आज्ञार्थाचे रूप आणि 'वा' यांची जोडी वापरते. पर्याय दोन असले तरी दोहोंचा परिणाम एकच आहे, हे येथे सांगायचे असते.

५. एक की दोन्ही?

उरलेल्या, खऱ्या अर्थाने विकल्प सांगणाऱ्या 'ऑर'पुढे पहिला प्रश्न संख्येचा येतो. 'अ किंवा ब' म्हटल्यावर दोन्ही चालतात काय?

तर्कशास्त्रज्ञांतही याविषयी एकमत नव्हते. जॉर्ज बूल यांनी १८५४ सालच्या 'द लॉज ऑफ थॉट' या ग्रंथात विकल्पाची बेरीज परस्परांना न छेदणाऱ्या वर्गांपुरती ठेवली होती. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६४ मध्ये ही मर्यादा दूर करून दोन्ही चालणारा, म्हणजे समावेशक विकल्प स्वीकारला. पुढे आधुनिक तर्कशास्त्राने समावेशक अर्थच प्रमाण मानला. विकल्पासाठी वापरले जाणारे खालच्या बाजूस टोक असलेले चिन्ह लॅटिन 'वेल'च्या आद्याक्षरावरून आले, असे मानले जाते. ग्रंथालयाच्या संगणकीय सूचीत दोन शब्दांमध्ये 'ऑर' देऊन शोध घेतल्यास दोन्ही शब्द असलेली पुस्तकेही मिळतात, ती याच परंपरेमुळे.

मग व्यवहारात 'किंवा' ऐकल्यावर 'दोन्ही नाही' असे का वाटते? याचे प्रभावी स्पष्टीकरण तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांच्या विचारांत मिळते. हार्वर्ड विद्यापीठात १९६७ साली दिलेल्या व्याख्यानांत त्यांनी संभाषणातील ध्वनितार्थाची उपपत्ती मांडली. तिचा आशय असा, की बोलणारा पुरेशी माहिती देतो हे ऐकणारा गृहीत धरतो. दोन्ही गोष्टी खऱ्या असत्या तर बोलणाऱ्याने 'आणि' म्हटले असते. ज्या अर्थी त्याने 'किंवा' म्हटले, त्या अर्थी दोन्ही खऱ्या नसाव्यात. म्हणजे 'दोन्ही नाही' हा शब्दाचा अर्थ नसून प्रसंगातून निघालेले अनुमान आहे. प्रसंग बदलला की ते अनुमान गळून पडते.

महाविद्यालयातील दोन उदाहरणांनी हे स्पष्ट होईल. सहायक प्राध्यापकाच्या जाहिरातीत 'नेट किंवा सेट उत्तीर्ण' अशी अट असेल, तर दोन्ही परीक्षा उत्तीर्ण झालेला उमेदवार अपात्र आहे असे कोणी म्हणणार नाही. येथे 'किंवा' समावेशक आहे. प्रश्नपत्रिकेत दोन प्रश्नांच्या मध्ये छापलेला 'किंवा' मात्र एकच उत्तर अपेक्षितो. शब्द तोच, कागदही शिक्षणसंस्थेचाच, पण अपेक्षा वेगळी.

कायदा करणाऱ्यांनी हा धोका ओळखला होता. १८६० सालच्या भारतीय दंड संहितेत चोरीसाठी ३ वर्षांपर्यंत कारावास किंवा दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली होती. 'ऑर' निखालस समावेशक मानला असता तर 'किंवा दोन्ही' हे शब्द अनावश्यक होते. ते लिहिले गेले, याचाच अर्थ या अव्ययावर पूर्ण विसंबणे रचनाकारांना सुरक्षित वाटले नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ही पद्धत कायम आहे. मराठी कार्यालयीन लेखनात शिरलेले 'आणि/किंवा' हे रूप याच गरजेतून आले. परंतु तिरप्या रेघेने जोडलेले हे अव्यय वाचता येत नाही. 'यांपैकी एक किंवा दोन्ही' असे लिहिल्यास तोच अर्थ सरळ मराठीत येतो.

६. निवड कोणाची?

दुसरा प्रश्न निवडीच्या अधिकाराचा. डॅनिश विधिज्ञ आल्फ रॉस यांनी १९४१ मध्ये एक कोडे मांडले. तर्कशास्त्राच्या नियमानुसार कोणतेही विधान खरे असेल तर त्याला 'किंवा' लावून दुसरे कोणतेही विधान जोडता येते. 'हे पत्र टपालात टाक' ही आज्ञा घेतली, तर त्याच नियमाने 'हे पत्र टपालात टाक किंवा जाळ' ही आज्ञाही निघायला हवी. पण ती निघते असे कोणीही मान्य करणार नाही. आज्ञेतील 'किंवा' ऐकणाऱ्याच्या हाती निवड देतो, आणि पत्र जाळण्याची मुभा मूळ आज्ञेत नव्हती.

हीच गोष्ट परवानगीची. 'विद्यार्थ्याला पुस्तक किंवा नियतकालिक घरी नेता येईल' या वाक्यातून पुस्तक नेता येईल आणि नियतकालिकही नेता येईल, असे दोन्ही अर्थ निघतात. परवानगीच्या छायेत 'किंवा'ला 'आणि'सारखे बळ येते. भाषातत्त्वज्ञ हान्स काम्प यांनी १९७३ मध्ये या मुक्त निवडीच्या परवानगीचे सविस्तर विवेचन केले. तेव्हापासून हा प्रश्न अर्थविज्ञानात सतत चर्चेत आहे.

नियम लिहिताना याचे महत्त्व फार आहे. 'विद्यार्थ्याला मराठी किंवा हिंदी हा विषय घेता येईल' आणि 'महाविद्यालय मराठी किंवा हिंदी हा विषय शिकवील' ही दोन वाक्ये सारखी दिसतात. पहिल्या वाक्यात निवड विद्यार्थ्याची आहे. दुसऱ्या वाक्यात ती महाविद्यालयाची आहे, आणि मराठी घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती काहीच लागणार नाही अशी शक्यता आहे. वाद उद्भवतो तेव्हा दोन्ही पक्ष त्याच 'किंवा'कडे बोट दाखवतात. 'विद्यार्थ्याच्या निवडीनुसार' किंवा 'महाविद्यालयाच्या सोयीनुसार' एवढे दोन शब्द वाढवल्यास तो वाद टळतो.

७. अग्रक्रम कोणाला?

तिसरा प्रश्न सर्वांत दुर्लक्षित आहे. दोन पर्याय दिले म्हणजे ते समान तोलाचे असतातच असे नाही. या प्रश्नाचा विचार भारतीय शास्त्रपरंपरेने फार पूर्वी केला आहे.

पाणिनीच्या अष्टाध्यायीत वैकल्पिक रूपे सांगताना 'वा', 'विभाषा' आणि 'अन्यतरस्याम्' असे तीन शब्द येतात. परंपरेने हे तिन्ही शब्द समानार्थी मानले. पॉल किपार्स्की यांनी १९७९ मध्ये पुणे विद्यापीठाच्या सहयोगाने प्रकाशित झालेल्या ग्रंथात याहून वेगळे मत मांडले. त्यांच्या मते 'वा' म्हणजे 'शक्यतो हे रूप', 'विभाषा' म्हणजे 'शक्यतो हे रूप नको, पण चालेल', आणि 'अन्यतरस्याम्' म्हणजे 'दोन्ही सारखीच'. हे मत सर्व अभ्यासकांनी स्वीकारलेले नाही. तरीही, ज्या शास्त्रात अर्धी मात्रा वाचवण्याचे अप्रूप होते तेथे एका अर्थासाठी तीन शब्द का ठेवावेत, हा त्यामागचा प्रश्न मार्मिक आहे. विकल्पालाही तारतम्य असू शकते, ही जाणीव त्यातून होते.

मीमांसाशास्त्राची भूमिका याहून कठोर आहे. यज्ञात तांदूळ वापरावेत असे एक वचन आणि जव वापरावेत असे दुसरे वचन असेल, तर विकल्प मानावा लागतो. परंतु एकदा तांदूळ निवडले की जवाचे वचन तेवढ्यापुरते बाजूला ठेवावे लागते, आणि जव निवडल्यास उलट घडते. अशा प्रकारे प्रत्येक बाजूचे चार मिळून आठ दोष होतात, असे मीमांसकांनी दाखवले. म्हणून दुसरा मार्ग असेपर्यंत विकल्प मानू नये, असा त्यांचा दंडक आहे. कोणी कोणता पर्याय घ्यावा हे आधीच ठरलेले असेल, तर त्यास 'व्यवस्थित विकल्प' असे नाव आहे. निवडीचा अधिकार आणि अग्रक्रम हे दोन्ही प्रश्न या एका संज्ञेत आले आहेत.

हा विचार केवळ ग्रांथिक नाही, हे खुनाच्या शिक्षेवरून दिसते. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०२ मध्ये देहान्त शिक्षा 'ऑर' जन्मठेप, आणि शिवाय दंड, अशी तरतूद होती. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ मध्येही हे दोन पर्याय आहेत. यांपैकी कोणता पर्याय स्वाभाविक आणि कोणता अपवादात्मक, हे 'ऑर' सांगत नाही. १८९८ सालच्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार देहान्त शिक्षा न दिल्यास न्यायालयाला कारण नोंदवावे लागे. म्हणजे देहान्त शिक्षा हा नियम होता. १९५५ च्या दुरुस्तीने ही अट काढून टाकली. १९७३ च्या संहितेने दिशा पूर्ण उलटवली आणि देहान्त शिक्षा द्यायची असल्यास विशेष कारणे नोंदवण्याचे बंधन घातले. १९८० मध्ये बच्चनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने देहान्त शिक्षा दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणांपुरती मर्यादित केली. या सर्व काळात दोन शिक्षांमधला 'ऑर' जागचा हलला नाही. बदलला तो केवळ अग्रक्रम, आणि तो अव्ययाच्या बाहेरून सांगावा लागला.

८. नकार आणि व्याप्ती

'ऑर' नकारार्थी वाक्यात आला की अर्थ पालटतो. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १४ नुसार राज्य कोणत्याही व्यक्तीला कायद्यापुढे समानता 'ऑर' कायद्याचे समान संरक्षण नाकारू शकत नाही. याचा अर्थ दोहोंपैकी एकच हक्क मिळेल असा नाही. दोन्ही नाकारता येत नाहीत. एकोणिसाव्या शतकातील गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमानुसार, विकल्पाचा नकार म्हणजे दोन्ही बाजूंचा नकार होतो.

सर्व भाषा हा नियम सारख्याच रीतीने उमटवत नाहीत. जपानी भाषेत विकल्पदर्शक 'का' वापरून नकारार्थी वाक्य केल्यास प्रौढ भाषक त्याचा अर्थ सामान्यतः 'दोहोंपैकी एक तरी नाही' असा घेतात. 'दोन्ही नाही' सांगण्यासाठी 'मो' या वेगळ्या अव्ययाची पुनरुक्ती होते. मराठीतही असा अर्थ निःसंदिग्ध करायचा असेल, तर 'चहाही नको, कॉफीही नको' किंवा 'ना चहा, ना कॉफी' अशी रचनाच जवळची वाटते. नियमांचा अनुवाद करताना नकारार्थी 'ऑर' दिसला, की 'ही… ही' किंवा 'यांपैकी काहीही नाही' या रचनांचा विचार प्रथम करावा.

दुसरी अडचण व्याप्तीची. अमेरिकेतील मेन राज्यात दुग्धव्यवसायातील वाहनचालकांनी जादा कामाच्या वेतनासाठी दावा केला होता. राज्याच्या कायद्यात ज्या कामांना जादा दर लागू नव्हता, त्यांची यादी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन' या शब्दांनी संपत होती. 'ऑर'पूर्वी स्वल्पविराम नव्हता. त्यामुळे पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी बांधणी करणे हे एकच काम, की बांधणी हे एक आणि वितरण हे दुसरे काम, असा प्रश्न उभा राहिला. २०१७ मध्ये संघीय अपील न्यायालयाने ही संदिग्धता मान्य करून चालकांच्या बाजूने निर्णय दिला. २०१८ मध्ये ५० लाख डॉलरला तडजोड झाली. मराठीत हे वाक्य करताना विभक्ती मदतीला येते. 'पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी बांधणी' आणि 'पाठवणीसाठी बांधणी किंवा वितरण' ही दोन वेगळी वाक्ये होतात. परंतु त्यामुळे अनुवादकाची जबाबदारीही वाढते. मूळ संदिग्ध असले, तरी त्याला एक बाजू घ्यावीच लागते.

कधी कधी न्यायालयाला अव्ययच बदलून वाचावे लागते. १९५७ मध्ये मुंबई राज्य विरुद्ध आर. एम. डी. चमारबागवाला या खटल्यात मुंबई राज्याच्या १९४८ सालच्या लॉटरी व बक्षीस-स्पर्धाविषयक कायद्याचा अर्थ सर्वोच्च न्यायालयापुढे होता. व्याख्येतील 'ऑर' शब्दशः घेतल्यास कायद्याला अभिप्रेत नसलेल्या निर्दोष स्पर्धाही त्यात आल्या असत्या. कायद्याचा एकूण हेतू पाहून न्यायालयाने त्या जागचा 'ऑर' हा 'अँड' असा वाचला. याच्या उलट, १९६८ मध्ये ईश्वरसिंग बिंद्रा खटल्यात औषधविषयक कायद्यातील 'अँड' हा विकल्पाच्या अर्थाने वाचला गेला. शब्दाचा अर्थ शब्दकोशात असतो, पण निर्णय हेतूवर होतो, हे या दोन खटल्यांतून दिसते.

९. अध्यापन आणि अनुवादासाठी

वरील विवेचनातून काही व्यावहारिक सूचना निघतात. इंग्रजी शिकवताना 'ऑर'चा प्रतिशब्द देण्यापूर्वी तो विकल्प आहे, परिणाम आहे, नामांतर आहे की अंदाज आहे, हे विद्यार्थ्यांकडून ओळखून घ्यावे. मराठी शिकवताना 'की' आणि 'किंवा' यांची वाक्ये शेजारी ठेवून उत्तरे बदलतात ती दाखवावीत. तर्कशास्त्राच्या वर्गात समावेशक विकल्प सांगताना व्यवहारातील अनुमान त्याहून वेगळे का असते, हेही सांगावे. अन्यथा सत्यता-सारणीतील 'दोन्ही सत्य असता विकल्प सत्य' ही ओळ विद्यार्थी पाठ करतो, पण त्याला ती पटत नाही.

नियम, जाहिरात किंवा प्रश्नावली यांचा अनुवाद करताना प्रत्येक 'ऑर'ला तीन प्रश्न विचारावेत. एक घ्यायचा की दोन्ही चालतील? निवड कोण करणार? दोन्ही पर्याय सारखे आहेत की एकाला अग्रक्रम आहे? उत्तर मूळ मजकुरात सापडल्यास ते मराठीत स्पष्ट लिहावे. न सापडल्यास मूळ मजकूर तयार करणाऱ्याकडे विचारणा करावी. अनुवादकाची ही शंका पुष्कळदा मूळ नियमातीलच पोकळी उघड करते.

१०. निष्कर्ष

इंग्रजी 'ऑर' हा एक शब्द असला तरी ते एक काम नाही. इंग्रजी जे संदर्भावर आणि स्वरावर सोपवते, त्यातील बराच भाग मराठी शब्दांनी सांगते. 'की', 'किंवा', 'नाहीतर', 'म्हणजेच' आणि वैकल्पिक द्वंद्व ही त्यासाठीची हाताशी असलेली साधने आहेत. यांत्रिक अनुवादात ही सर्व साधने बाजूला पडतात आणि मराठी वाक्यही इंग्रजीइतकेच संदिग्ध होते. मात्र पर्यायांची संख्या, निवडीचा अधिकार आणि अग्रक्रम या तीन गोष्टी मराठीतील 'किंवा'ही आपण होऊन सांगत नाही. त्या नियम करणाऱ्याने आणि अनुवादकाने शब्दांत मांडाव्या लागतात. तसे न झाल्यास ज्याच्यासाठी नियम केला त्या विद्यार्थ्याला, उमेदवाराला किंवा पक्षकाराला त्या संदिग्धतेचा भार सोसावा लागतो.